कडेवरची खूण

नीबियाला रायफल हवी होती ती सशांसाठी. निदान सगळ्यांना ती तसं सांगत होती, आणि ससे होतेच की, नाही कशाला म्हणा. परसातला वाटाणा त्यांनी जमिनीबरोबर केला होता, संत्र्याच्या कोवळ्या रोपांच्या साली गोल कुरतडून ठेवल्या होत्या. त्यातून जे वाचेल त्याच्यावर पोपटांची धाड. निलगिरीच्या शेंड्यांवर त्यांनी काटक्यांची बैलगाडीएवढी घरटी बांधली होती आणि पहाटेपासून त्यांचा कलकलाट सुरू व्हायचा. अशा घरात बावीस बोअरची एक छोटी रायफल यावी यात कुणाला वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं.

खरं कारण मात्र तिच्या कोटाच्या खिशात होतं, रुमालात गुंडाळलेलं. करंगळीच्या पेराएवढी एक रिकामी पितळी पुंगळी.

तिसोन तिचा कुत्रा. काळाकुळकुळीत, एक कान पडलेला, पाच वर्षांचा. सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी ती बाबांची औषधं आणायला बसने शहरात गेली. दुपारी परतली तर फाटकाशी कुत्रा नाही. बाबा, म्हणजे म्हातारे सिक्स्तो, टेबलाशी बसून स्वयंपाकघरातल्या बोथट सुरीने मांसाच्या तुकड्याशी झटापट करत होते. "येईल, जातोय कुठं," एवढंच म्हणाले. संध्याकाळी तो तिला सापडला, ओलिवेराच्या कुंपणाला लागून, तारेच्या अलीकडे. कानामागे एक बारीकसं भोक. दोन पावलांवर गवतात ही पुंगळी पडली होती.

ओलिवेराचं कुंपण. पलीकडे ओलिवेराच्या मेंढ्या. आणि ओलिवेराकडे रायफल. आणखी काय पुरावा हवा? नीबियाला तरी नको होता.

त्यात आठच दिवसांनी एबेर ओलिवेरा स्वतः दारात हजर. रुंद खांद्यांचा, अबोल, पन्नाशीचा माणूस. कोटाच्या आतून एक तांबूस पिल्लू डोकं बाहेर काढून बघत होतं.

"आमच्या कुत्रीचं आहे," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्हाला लागेल."

नीबियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी मारायचं आणि मग पिल्लू वाटत फिरायचं. "पिल्लू देऊन पाप धुता येत असेल तर दुसऱ्या दारी जाऊन धुवा," असं म्हणून तिने त्याच्या तोंडावर दार लावलं. ओलिवेरा एक शब्द न बोलता परत गेला. तेही तिला खटकलं. मनात काही नसलं तर माणूस चार शब्द तरी बोलतो, उलटून शिवी तरी देतो. हा नुसता टोपी सरळ करून चालू लागला.

त्या रात्री जेवताना तिने बाबांना सांगून टाकलं, "मी रायफल घेणार. आणि पहिली गोळी ओलिवेराच्या कुत्रीला."

बाबांच्या मातेची, म्हणजे त्या कडू पाल्याच्या चहाची, नळी ओठांशीच थांबली. मग त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"तुझ्या आईने या घरात बंदूक येऊ दिली नाही."

"आई आता नाही."

"ससे मी फासे लावून धरतो ना."

"दोन महिन्यांत एक धरलात. तोही लंगडा."

बाबांनी ताट बाजूला सारलं. उठताना म्हणाले, "घ्यायचीच तर शहरातून नवी घे. इथल्या जुन्यापुराण्या बघत हिंडू नकोस." आणि झोपायला गेले. जेमतेम आठ वाजले होते.

*

बंदुकीच्या परवान्याचा पोलिसांचा कागद हातात पडला त्या दिवशी ती शहरात बाल्तासारच्या दुकानात गेली. बाल्तासार हा सुकलेला, चष्मेवाला म्हातारा. मासे धरायचे गळ, छत्र्या आणि बंदुका एकाच कपाटात ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की आधी बंदूक दाखवायची नाही, आधी प्रश्न विचारायचे, ही त्याची रीत.

"काय मारायचंय, बाई?"

"ससे. पोपट. जमलं तर कोल्हा."

"किती लांबून?"

"चाळीस-पन्नास पावलं."

"आधी कधी चालवलीय?"

"लहानपणी. मामाची."

त्याने तीन रायफली काउंटरवर आडव्या मांडल्या. पहिली आपोआप गोळी भरून घेणारी, चकचकीत. नीबियाचा हात तिच्याकडे गेला तसा बाल्तासार हसला. "सगळ्यांचा हात आधी हिच्याचकडे जातो. पहिली बंदूक म्हणून ही नको. पोटात दहा गोळ्या आहेत म्हटलं की माणूस नेम धरत नाही, आशेवर मारत सुटतो. ससा डोक्यातच मारायचा. पोटात लागला तर तो ना तुमच्या भांड्याचा, ना कुणाच्या कामाचा." दुसरी एकेक गोळी भरायची, पोरांना शिकवायला बरी. तिसरीला हाताने मागेपुढे ओढायचा बोल्ट होता आणि खाली पाच गोळ्यांची पेटी. "ही घ्या. दस्ता खांद्याला लावून बघा. लांब वाटतोय? कोट घालून लावा, थंडीत तुम्ही कोट घालूनच मारणार ना. दुर्बीण आत्ता नको. आधी उघड्या डोळ्याने डब्याला मारायला शिका."

खरं सांगायचं तर माणूस चांगला होता आणि सल्ला नेक होता. पण नीबिया त्या दिवसांत कुणाचंच काही सरळ ऐकत नव्हती. तिसरी रायफल सगळ्यांत महाग होती, तेवढंच तिच्या लक्षात राहिलं. तिने खिशातून रुमाल काढला आणि पुंगळी काउंटरवर ठेवली.

"ही कुठल्या बंदुकीची, ते सांगता येईल?"

बाल्तासारने भिंग आणलं. पुंगळी उलटी धरून तिचं बूड उजेडाकडे केलं.

"बावीसच्या काडतुसात पेट घ्यायचा मसाला मधोमध नसतो, बुडाच्या कडेत भरलेला असतो. म्हणून आतली टोचणी मध्ये बसत नाही, कडेवर बसते. आणि टोचणी ज्या रायफलीची त्या रायफलीची. कुणाची चौकोनी, कुणाची गोल. ही बघा, हिचं टोक तुटलेलं आहे. अर्धी चंद्रकोर उमटलीय. दिसली?"

नीबियाला दिसली. नखाने कोरल्यासारखी बारीक, वाकडी, एका बाजूला तुटलेली.

"म्हणजे कुणी मारलं ते कळेल."

"कुठल्या रायफलीने मारलं ते कळेल," बाल्तासार म्हणाला आणि चष्म्यावरून बघू लागला. "बाई, तुम्ही बंदूक शोधताय का माणूस?"

"ससे," नीबिया म्हणाली आणि पुंगळी रुमालात बांधून बाहेर पडली.

*

परतीच्या बसमध्येच तिला कळलं की ओलिवेराने आपली जुनी रायफल विकायला काढलीय. कुत्रा मरून महिना होत नाही तोच रायफल विकायला? तिच्या मनात पाल चुकचुकली. हातातून ती गेली की हा गडी मोकळा. मग शोधत बसा चंद्रकोर.

आपल्याकडे किमतीचं बोलणं आधी होत नाही. घेणारा पाच गोळ्या डब्याला मारून बघतो, मग नाक मुरडतो, मग बोलणं. म्हणजे पाच पुंगळ्या आयत्याच मिळणार होत्या. नीबियाने केस बांधले आणि ओलिवेराच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

ओलिवेराने तिला बघितलं, तिच्या मागे रस्त्याकडे बघितलं, आणि फाटक उघडलं. त्याची कुत्री अंगणात पडली होती. शेपटी दोनदा जमिनीवर आपटून तिने स्वागत केलं. नीबियाने तिच्याकडे बघायचं टाळलं. जिच्यासाठी पहिली गोळी राखून ठेवलीय तिने शेपटी हलवावी, हे काही बरं वाटत नाही.

त्याने रायफल आणली. बोल्ट काढून हातात दिला, नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरला. "पुढून बघा." नळी आतून लख्ख होती, पीळ कसा सुबक फिरलेला.

मग डबा. पहिल्या दोन गोळ्या बाजूने गेल्या, तिसरी लागली. पण तिसरीची पुंगळी बाहेर येईना. ओलिवेराने सुरीच्या टोकाने ती उचकटून काढली. चौथी पुन्हा अडकली, पाचवी कशीबशी निघाली.

"आमच्या वडिलांनी तीस वर्षं हिच्यात आखूड काडतुसं उडवली," तो म्हणाला. "त्याने पुढची जागा खाल्ली जाते. मग लांब काडतूस घातलं की पुंगळी तिथं फुगून चिकटते. तुम्ही ही घेऊ नका."

"मग विकताय कशाला?"

"ज्याला आखूडच मारायची आहेत त्याला विकेन."

असा विकणारा कुणी बघितलाय का? आपलाच माल, आणि आपल्याच तोंडाने खोट सांगतोय. नक्की कुठं तरी पाणी मुरत होतं. आपल्याला ही मिळू नये म्हणूनच तर हे सगळं. नीबियाने वाकून पुंगळ्या गोळा केल्या, अगदी सहज, अंगण स्वच्छ राहावं म्हणून उचलतेय अशा आविर्भावात. चार सापडल्या. ओलिवेरा खाली वाकला, गवतातून पाचवी उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"ही राहिली."

तिने मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. काय होतं ते तिला कळलं नाही, आणि त्यामुळे तिचीच चिडचिड झाली.

"शहरातून नवी घ्या," तो म्हणाला. "इथल्या जुन्यापुराण्या बघत हिंडू नका."

बाबा अगदी हेच म्हणाले होते. हेच शब्द, याच क्रमाने.

निलगिरीच्या आड जाऊन तिने पुंगळ्या ताडून बघितल्या. ओलिवेराच्या पाचही पुंगळ्यांच्या कडेवर खूण होती चौकोनी, स्वच्छ, छिन्नीने मारावी तशी. चंद्रकोरीचा पत्ता नाही. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, चला, हा नव्हता तो. नीबिया म्हणाली, दुसरी रायफल असणार. नाही तर टोचणी बदलली असणार. आणि त्याने बाबांना काय सांगून गप्प केलं असेल, हा विचार तिच्या मागे लागला. कारण मागच्या रविवारी तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, बाबा आणि ओलिवेरा तारेपाशी डोकं जवळ आणून बोलत होते, आणि तिला बघताच दोघंही ढगांकडे बघायला लागले. बाबा म्हातारे झाले होते, दोघांच्या मेंढ्यांची लोकर कातरणारं टोळकं ओलिवेराशी अर्धंअर्धं ठरायचं, मेंढ्या औषधात बुडवायचा हौदही त्याचाच. धमकावलं असेल. नोव्हेंबर, म्हणजे कातरणीचा महिना, तोंडावर आला होता. याने हात काढून घेतला तर लोकर अंगावरच राहील. म्हणून बाबा मिंधे झालेत, हे तिने पक्कं ठरवून टाकलं.

रात्री तिने तिरकस विचारून बघितलं. "ओलिवेरा तुम्हाला काही बोलला का, बाबा?"

"बोलतो की. पावसाचं बोलतो."

"आणखी?"

"मेंढ्यांचं." आणि बाबांनी आपल्या कमरेच्या, तांब्याच्या तारेने मूठ गुंडाळलेल्या सुरीने ब्रेडचा तुकडा कापून तिच्यापुढे ठेवला. ताकाला तूर लागू द्यायचे नाहीत म्हातारे.

*

देल्मिराच्या दुकानातली रायफल तिच्या डोक्यात आलीच नव्हती, याचं तिला नंतर नवल वाटलं. पण तसं नवल नाही. रस्त्याकडेच्या त्या एकुलत्या दुकानात, मातेला लागणाऱ्या येर्बा-पाल्याच्या पुड्यांच्या वर, खिळ्याला टांगलेली ती रायफल म्हणजे त्या भागात कुणाला रायफल वाटायचीच नाही. विहिरीच्या दोरासारखी ती. देल्मिराचा नवरा वारल्यापासून ज्याला लागेल त्याने न्यायची आणि आणून ठेवायची. कोल्हा आला, ने. पोपट मातले, ने. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. फक्त खिळा रिकामा ठेवायचा नाही. नेणाऱ्याने अंगावरची एखादी वस्तू तिथं अडकवून जायची, टोपी, पट्टा, काही. रायफल परत आली की आपली वस्तू काढून न्यायची. म्हणजे कुणाला हवी असली तर खिळ्याकडे बघून कळावं, सध्या कुणाकडे आहे ती.

नीबिया गेली होती मीठ आणायला. डोन्या देल्मिरा, सगळे तिला मानाने डोन्या म्हणत, काउंटरवर कोपर टेकून बसली होती. सत्तरीची, पुरुषासारख्या आवाजाची बाई. मुलगी तिला आपल्याकडे न्यायला आली होती आणि दुकान कायमचं बंद व्हायचं होतं.

"अगं, तू म्हणे सगळ्या मुलखाला बंदुका विचारत फिरतेस," ती म्हणाली. "नवरा शोधताना एवढी चौकशी केली असतीस तर नातवंडं खेळवली असतीस आतापर्यंत."

"तुमच्यासारखा मिळाला असता तर केलीही असती."

"माझा मिळाला असता तर पळून गेली असतीस. ही घे की. मला काय तिकडे फ्लॅटमध्ये पोपट मारायचेत? माझ्यासाठी म्हणून त्याने दस्ता कापून आखूड केला होता. तुझ्या हाताला बसेल बघ."

बसली. खांद्याला लावली तशी ती तिथलीच असल्यासारखी बसली. हलकी, बोल्ट लोण्यातून फिरावा तसा फिरणारा. दुकानामागे कुंपणाच्या खांबावर डबा ठेवून नीबियाने चाळीस पावलांवरून पाच गोळ्या मारल्या. पाचही डब्यात. तिच्या छातीत पहिल्यांदा काहीतरी हलकं झालं. आपण खरंच ससा मारू शकू, असं तिला वाटलं, आणि खरंच सशांसाठी बंदूक घ्यायला आलोत असं क्षणभर वाटलं.

मग सवयीने तिने पुंगळ्या उचलल्या. पहिली उलटी केली.

अर्धी चंद्रकोर. एका बाजूला तुटलेली.

तिने रुमाल सोडला, जुनी पुंगळी शेजारी धरली. पाचही बघितल्या. पाचही तशाच.

 ती आत गेली, काउंटरला धरून उभी राहिली.

"सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी ही कुणी नेली होती, डोन्या देल्मिरा? पेन्शनचा दिवस."

"आता महिना उलटून गेला त्याला. काय सांगू?"

"खिळ्याला काय होतं? ओलिवेराची टोपी होती का?"

"ओलिवेरा कशाला नेईल? त्याच्याकडे स्वतःची आहे की." देल्मिराने डोळे बारीक केले. "थांब, थांब. पेन्शनच्या दिवशी चीज जास्त खपतं. माझी सुरी बोथट झाली होती, म्हणून मी सकाळभर खिळ्यावरचीच वापरली. हो. सुरी होती खिळ्यावर. काय धार होती. मूठ तडकलेली, तांब्याच्या तारेने गुंडाळलेली. अगं, तुझ्याच बाबांची. कोल्हा येतोय म्हणाले."

ती तार नीबियानेच गुंडाळली होती. मागच्या हिवाळ्यात, चुलीपुढे बसून, एकेक वेढा दाबून. आणि तिला ती बोथट सुरी आठवली, ताटातलं ते मांस, आणि मान वर न करता जेवणारे बाबा. तिच्या डोळ्यांदेखत घडलं होतं सगळं. ती बघत बसली होती कुंपणापलीकडे.

"विकत नंतर घेते," ती म्हणाली. "आज नुसती नेते." आणि गळ्यातला रुमाल सोडून तिने खिळ्याला अडकवला.

*

बाबा ओट्यावर मातेचं भांडं घेऊन बसले होते. तिच्या खांद्यावरची रायफल त्यांनी लांबूनच ओळखली असणार, कारण ती जवळ येईपर्यंत त्यांनी थर्मास बाजूला ठेवून दिला होता. नीबियाने दोन पुंगळ्या बाकावर त्यांच्याजवळ ठेवल्या.

"ही तिथली. ही आजची."

बाबांनी जुनी पुंगळी उचलली, बोटांत फिरवली. "मी शोधली," ते म्हणाले. "दोनदा गेलो शोधायला. या डोळ्यांना गवतात काही दिसत नाही, पोरी."

 तिला ओरडायचं होतं, पण ओरडायला जो माणूस मनात धरून ठेवला होता तो आता राहिला नव्हता.

"त्याने कोकरं फाडली होती," बाबा म्हणाले. "ओलिवेराची. तीन. आधी मला खोटं वाटलं. ओलिवेराने मला नेऊन दाखवलं. चौथ्याच्या मागे लागलेला मी स्वतः बघितला. कुत्र्याला एकदा ती चव लागली की सुटत नाही, तुला ठाऊक आहे. ओलिवेराच्या हातात रायफल होती, तो तिथल्या तिथं मारू शकला असता, कुणी बोट दाखवलं नसतं. म्हणाला, डॉन सिक्स्तो, कुत्रा तुमचा आहे, मी नाही मारणार."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुझी आई गेल्यापासून तू त्याच्याशी जेवढं बोलायचीस तेवढं माझ्याशी नाही बोललीस." बाबा हातातल्या पुंगळीकडेच बघत होते. "तू शहरात गेल्यावर नेला त्याला. मेंढ्यांकडे नेतोय समजून पुढं पुढं धावत होता. घरापासून लांब नेला, म्हणजे तुला अंगणात रक्त दिसायला नको. पुरणार होतो. खड्डा खणायला गेलो तर हात थरथरायला लागले, कुदळ धरवेना. म्हटलं, संध्याकाळी येऊन पुरतो. तोवर तू शोधलास."

"आणि मी सगळीकडे ओलिवेराचं नाव घेत फिरले. बसमध्ये. दुकानात. तुम्ही ऐकत होतात."

"मी सांगणार होतो तुला. दोनदा तोंड उघडलं. तो म्हणाला, नको. म्हणाला, मला शिव्या घालू दे तिला. मी कुंपणापलीकडे राहतो, मला काय. तुम्हाला दोघांना एका टेबलाशी जेवायचंय."

नीबिया ओट्याच्या पायरीवर बसली. शरमेने तिचे कान तापले होते. तोंडावर लावलेलं ते दार तिला आठवलं, तळहातावर ठेवलेली पाचवी पुंगळी आठवली. ती पुंगळ्या कशाला गोळा करतेय हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने राहिलेली शोधून दिली होती. तिला बाबांचा रागही येत होता, तो काही गेला नव्हता. दोन पुरुष मिळून तिचं दुःख परस्पर वाटून घेतात, आणि ती एवढी बाई असून तिला लहान पोरीसारखी शहरात पाठवतात. पण बाबांच्या मुठीत ती पुंगळी अजून होती, आणि ते बघवत नव्हतं. तिने माते भरली आणि भांडं त्यांच्या हातात दिलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओलिवेराच्या फाटकाशी गेली. देल्मिराकडे पैसे देऊन, रुमाल परत घेऊन, सरळ तिकडे. रायफल खांद्यावरच होती, आणि आपण ती घेऊन कुणाच्या दारात निघालोय हे तिच्या डोक्यात आलं नाही.

ओलिवेराच्या मात्र आलं. पहिली गोळी कुणासाठी आहे हे एव्हाना मुलूखभर झालं होतं. त्याने तिला वाटेवरून येताना बघितलं, हळू शीळ घालून कुत्रीला आत बोलावलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः दारापुढे उभा राहिला. हात मोकळे, खाली सोडलेले.

नीबिया जागीच थांबली. तिने रायफल खांद्यावरून उतरवली, बोल्ट ओढून काढला आणि खिशात टाकला. रिकामी रायफल फाटकाला टेकवून ठेवली.

"बाबांनी सांगितलं," ती म्हणाली.

ओलिवेराने मान हलवली.

"तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत."

"तुम्ही दार लावलंत," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याच्या मिशीत किंचित हसू हललं.

"माझं चुकलं. सगळीकडे जाऊन सांगेन तसं. बसमध्येसुद्धा." तिने कोटाचं एक बटण सोडलं. "ते पिल्लू दिलंत का कुणाला?"

तो दार उघडून आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात ते तांबूस पिल्लू होतं. महिन्यात दुप्पट झालेलं, पोट गोल, पंजे अंगापेक्षा मोठे.

"तिघांनी मागितलं," तो म्हणाला. "नाव ठेवलं नाही अजून. तुमचं आहे म्हणून."

तिने ते कोटाच्या आत घेतलं. त्याच्या अंगाला दुधाचा आणि पेंढ्याचा वास होता. ती वळली, रायफल उचलली, फाटकाबाहेर पडली.

"बाई," ओलिवेराने मागून हाक मारली. त्याला ते विचारायचं नव्हतं हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. पण कुंपण एक आणि मेंढ्या दोघांच्या, तेव्हा विचारणं भाग होतं. "उद्या हेही कोकरांच्या मागे लागलं तर?"

पिल्लाने तिच्या हनुवटीला नाक लावलं होतं. नीबियाने त्याच्यावरून कोटाचं बटण लावलं.

"तर मला येऊन सांगा," ती म्हणाली. "बाबांना सांगू नका."